फारीचे दोन तोंडांचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने, जाडजूड आणि खुनशी कुलूप आहे. जुने आणि जाडजूड हे कोणालाही दिसते. खुनशी हे मी आपणहून सांगतो, कारण तुम्ही शाळेत आमच्यासारख्या वस्तूंची मनोगते लिहिता तेव्हा त्यात आम्ही फार गरीब असतो. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची उसासे टाकते आणि शेवटी दोघी तुम्हाला आशीर्वाद देतात. मी आशीर्वाद वगैरे देणार नाही. माझा एका माणसावर राग होता. तो मी वीस वर्षे जपला आणि शेवटी त्याच्यावरच काढला. ते कसे घडले, तेवढे सांगतो.

माझा जन्म ल्हासाच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला, पण मी स्वतःला फारीचा म्हणवतो. फारी कुठे आहे ते नकाशात शोधा. सिक्कीम आणि भूतान यांच्या मधोमध तिबेटची एक चिंचोळी पट्टी खाली घुसलेली दिसेल, ते चुंबी खोरे. ते चढून वर गेले की उघडे माळरान लागते, आणि माळाच्या तोंडाशी, चोमोलहारी नावाच्या पांढऱ्या शिखराखाली, फारी. तिथे झाड औषधालाही नाही. सातू पेरला तर हिरवागार उगवतो, पण दाणा भरायच्या आत थंडी पडते आणि मग तो जनावरे खातात. वारा असा की माणसे दुपारनंतर तिरपी चालतात. गावाला रूप म्हणावे तर तेही नव्हते. लोक घरातली राख, केर, शेण वर्षानुवर्षे रस्त्यावर टाकत आले, त्यामुळे रस्ते वर चढत गेले आणि घरे खाली राहिली. माझ्या गोदामात शिरायला पायऱ्या उतराव्या लागत.

मग अशा ठिकाणी माणसे राहायची कशाला? तर व्यापाराला. वरच्या माळावरून याकांच्या पाठीवर लोकर, मीठ, कस्तुरी आणि चवऱ्या यायच्या. तुमच्या देवळात देवावर चवरी ढाळतात ना, ती याकची शेपटी असते. पुजाऱ्याला विचारा, बघा त्याला माहीत आहे का. भूतानहून लाल तांदूळ यायचा, पूर्वेकडून दाबून विटेसारखा केलेला चहा यायचा. खालून, भारतातल्या कालिंपोंगहून, खेचरांवर कापड, रॉकेल, काड्यापेट्या आणि ल्हासाच्या तरुण मंडळींना भयंकर आवडणाऱ्या फेल्टच्या टोप्या यायच्या. याकाला खालची गरमी सोसत नाही, म्हणून फारीत ओझी याकावरून खेचरावर चढत आणि खेचरावरून याकावर. ओझे उतरले की ते ठेवायला गोदाम हवे, आणि गोदाम म्हटले की मी आलोच.

इंग्रजांचे सैन्य एकदा या वाटेने ल्हासाला गेले होते. ते परत गेले आणि मागे तारेचे खांब आणि एक टपाल कचेरी राहिली. ही माझ्या जन्माआधीची गोष्ट. म्हातारे लोक सांगत की फारीने त्या सैन्यालाही चाऱ्याच्या पेंढ्या विकल्या आणि भाव कमी केला नाही. आमचे गाव असे होते. मला ते आवडायचे.

आता माझी घडण ऐका. मी एक लांबट लोखंडी कुलूप आहे, अंगावर पितळेची वेलबुट्टी आहे, आणि मला दोन तोंडे आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकाची किल्ली वेगळी. दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय मी उघडत नाही. फारीच्या मोठ्या गोदामांची ही रीतच होती. एक किल्ली गोदामाच्या मालकाकडे, दुसरी मालाच्या मालकाकडे. दोघे समोर उभे राहिल्याशिवाय दार उघडायचे नाही. एका वर्षी बर्फामुळे खिंड अवेळी बंद झाली आणि मालाचा मालक खाली अडकला. गोदामात रॉकेलचे डबे होते आणि गावातले रॉकेल संपले होते. फारी अख्खा हिवाळा अंधारात बसली, पण माझ्या अंगाला कोणी हात लावला नाही. वसंतात तो व्यापारी आला, दोन्ही किल्ल्या लागल्या, मी उघडलो आणि लोक हसले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात अभिमानाचा दिवस.

गोदामाचा मालक उस्मान. तो तिबेटी मुसलमान. त्याचे पूर्वज कधीकाळी काश्मीरहून व्यापाराला आले आणि तिथलेच होऊन गेले. तो घरात तिबेटी बोलायचा, लोण्याचा खारट चहा प्यायचा आणि थंडी सुरू व्हायच्या आधी मला उतरवून दोन्ही तोंडांत तेल सोडायचा. दुसरी किल्ली दत्तप्रसादकडे. हा तुमच्या पुण्याकडचा, मुंबईच्या एका लोकर गिरणीसाठी खरेदी करणारा. दर उन्हाळ्यात तो खेचरांचा तांडा घेऊन फारीला यायचा. बोलणे साखरेत घोळलेले. "उस्मानभाई, हम दोनो एक ताले की दो चाबियाँ," असे म्हणून तो उस्मानच्या खांद्यावर हात ठेवायचा. उस्मान लाजायचा. मला मात्र त्याचा हात आवडायचा नाही. किल्ली घालताना तो ती उगाच मागेपुढे करून बघायचा, आत काय आहे ते चाचपल्यासारखी.

एकोणसाठ साली ल्हासात चिनी सैन्याच्या गोळ्या चालल्या आणि फारीचा बाजार चळचळा कापू लागला. लोक घर सोडून खिंडीकडे निघाले. अंगावरच्या कपड्यांनिशी पायी जायचे, तर डागदागिने न्यायचे कसे? वाटेत झडती व्हायची. तेव्हा ते उस्मानकडे आले. कोणी चांदीच्या ताईत-पेट्या आणल्या, कोणी तांब्याची भांडी. सातू भाजून विकणारी पेमा नावाची बाई होती, तिने सासूचा पिरोज्यांनी मढवलेला डोक्याचा साज आणला आणि तो फडक्यातून सोडवताना तिचे हात थरथरत होते. "दोन किल्ल्यांचं कुलूप आहे, म्हणून ठेवते," ती म्हणाली. हे सगळे लोकरीच्या गठ्ठ्यांत दडवले गेले. दत्तप्रसादचा तांडा भारतीय गिरणीचा, त्याला फारसे कोणी अडवत नव्हते. गठ्ठे उस्मानसोबत कालिंपोंगला पोचले, तिथल्या दहावा मैल नावाच्या वस्तीतल्या एका गोदामात ठेवले गेले, आणि दारावर पुन्हा मी.

मालक मागून येत होते. काही बर्फात मेले, बाकीचे वाटेत होते. एका शुक्रवारी दुपारी उस्मान नमाजाला गेला असताना दत्तप्रसाद दोन हमाल घेऊन आला. त्याने मला स्पर्शही केला नाही. त्याने बिजागऱ्यांच्या खिट्या ठोकून काढल्या, दाराची फळी दुसऱ्या बाजूने उचकटली, गठ्ठे बाहेर नेले आणि खिट्या पुन्हा बसवल्या. मी जागच्या जागी, दोन्ही तोंडे मिटलेला. चोर डोळ्यांसमोर चोरी करत होता आणि कुलूप म्हणून मला काहीही करता येत नव्हते. हा अपमान किती मोठा, ते तुम्हाला कुलूप झाल्याशिवाय कळणार नाही.

मग फारीचे लोक पोचले. दत्तप्रसाद ठरल्याप्रमाणे आपली किल्ली घेऊन हजर झाला. दोन्ही किल्ल्या लागल्या, मी उघडलो. आत उंदीर आणि काथ्याचे चार तुकडे. दत्तप्रसादने कपाळाला हात लावला. "ताला तो साबूत है," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "मी महिनाभर इथे नव्हतो. उस्मानभाईचे घर मात्र भिंतीला भिंत लागून. माझ्या किल्लीचा छाप घेऊन दुसरी करवली असेल तर मला काय कळणार?" पेमा उस्मानच्या पायापाशी थुंकली. पुरावा म्हणून पोलिसांना दाखवायला हवे, असे सांगून दत्तप्रसाद मला खिशात घालून कलकत्त्याला घेऊन गेला. पोलीस मी आजपर्यंत पाहिला नाही. तिथल्या एका कारागिराकडून त्याने माझ्या उस्मानकडच्या तोंडाची किल्ली करवून घेतली. त्या वेळी मी शपथ घेतली. उस्मानला लोकांनी चोर म्हटले. एक दिवस असेच लोकांदेखत याला चोर ठरवीन, आणि तेही न मोडता.

थांबायची सवय मला फारीने लावली होती. खिंड सहा-सहा महिने बंद राहते, तिथे घाई करून काय मिळणार?

दत्तप्रसादचे नशीब मात्र घाईत होते. तिकडे बासष्ट सालानंतर सरहद्द बंद झाली, फारीची वाट ओस पडली, पण हा तोवर मुंबईत गब्बर झाला होता. पंचाहत्तरच्या सुमारास तो बहारीनला आला. तिथल्या मनामा शहरात, बाजारामागच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर, पुढच्या खोलीत ऑफिस आणि मागे बिऱ्हाड. धंदा कसला, तर कोकणातली माणसे आणायची आणि बांधकामावर, गाड्यांवर, गोदामांत लावायची. माणूस विमानतळावर उतरला की त्याचा पासपोर्ट हा काढून घेई आणि ऑफिसातल्या लोखंडी कपाटात टाकी. कपाटाला कुलूप कोणते? मीच. आणि माझ्या दोन्ही किल्ल्या एकाच कडीत, एकाच खिशात. दोन किल्ल्यांच्या कुलपाचा यापेक्षा वाईट अपमान दुसरा नाही.

वर तो फुशारक्या मारायचा. सगळ्यांचे व्हिसे ज्याच्या नावावर निघायचे तो अरब मालक, ज्याला सगळे कफील म्हणत, तो आला की दत्तप्रसाद त्याला कॉफी पाजून मला दाखवायचा. "बाबा, ये तिब्बत का ताला. दो चाबी लगता है, दोनो मेरे पास. दुनिया में दूसरा कोई खोल नहीं सकता." कफील मान डोलवायचा. मी हे ऐकून ठेवत होतो. बोल बाबा, बोल, म्हणत होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

बहारीनची हवा मला मानवली नाही. समुद्र जवळ, उन्हाळ्यात भिंतींना घाम. फारीत कोरडा गारठा, इथे खारट वाफ. आतून मी गंजू लागलो आणि तेल घालणारा कोणी नव्हता.

खालच्या मजल्यावर एक खानावळ होती. एक दिवस तिथला नवा आचारी चहाची किटली घेऊन वर आला. बारीक डोळे, रुंद गालफडे, डोक्यावर विणलेली टोपी. त्याची नजर माझ्यावर पडली आणि किटली कलंडली. त्याने वाकून माझ्या पितळी वेलबुट्टीवर अंगठा फिरवला. तो अंगठा मी ओळखला नाही, पण फिरवण्याची पद्धत ओळखली. तसे फक्त उस्मान करायचा. हा त्याचा मुलगा, अलीमियाँ. बापापुढे लोकांना थुंकताना पाहिले तेव्हा लहान होता. त्यानंतर उस्मान फार दिवस जगला नाही.

"सेठ, ये ताला कहाँ से आया?" त्याने विचारले.

"एक पार्टनर था मेरा, उस्मानभाई. उसने गिफ्ट दिया. बड़ा सीधा आदमी था बेचारा."

अलीमियाँने कप भरला, बशी पुसली आणि म्हणाला, "जी."

मित्रांनो, तेव्हा मला त्याचा संताप आला. अरे, समोर बापाचा वैरी बसला आहे आणि तू जी म्हणतोस? किटलीभर उकळता चहा हातात आहे, ओत की त्याच्या डोक्यावर! पण तो रोज यायचा, रोज चहा द्यायचा आणि खाली जायचा. एकदाच, ऑफिसात कोणी नसताना, त्याने कमरेच्या करगोट्याला बांधलेली उस्मानची खरी किल्ली काढून माझ्या उजव्या तोंडात घातली. तेवढी बाजू उघडली. डावी बंदच राहिली. त्याने किल्ली परत बांधली आणि तिबेटीत मला म्हणाला, "अजून नाही." त्यानंतर मी त्याच्यावर रागावणे बंद केले.

आता गणपतची गोष्ट, कारण सूड त्याच्यामुळे घडला. गणपत दत्तप्रसादच्या गाडीचा ड्रायव्हर, रत्नागिरीकडचा. तीन वर्षे घरी गेला नव्हता. रजा मागितली की दत्तप्रसाद म्हणे, "पुढच्या महिन्यात, इंशाल्ला." एक्क्याऐंशी सालच्या नवरात्रात त्याला तार आली. बायकोच्या, रखमाच्या पोटात गाठ होती, डॉक्टर ताबडतोब ऑपरेशन करायला सांगत होते आणि ती ऐकत नव्हती. सोबत्यांनी मिळून त्याचे तिकीट काढले. खंडेनवमीच्या दिवशीचे, संध्याकाळच्या मुंबईच्या विमानाचे. फक्त पासपोर्ट हवा होता, आणि तो माझ्या मागे होता.

खंडेनवमीला तुमच्याकडे हत्यारे, अवजारे पुजतात, हे मला तोवर पाठ झाले होते. पुजलेले अवजार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचे नाही, वापरायचे नाही. दत्तप्रसाद दर वर्षी टाइपरायटरची, गाडीची आणि माझी पूजा करी. मी कपाटावर लटकलेलाच असे. त्या सकाळी त्याने माझ्यावर हळदकुंकू वाहिले, मुंबईहून विमानाने आलेल्या झेंडूचे एक फूल अडकवले आणि मग, लोखंडाला असे काही करू नये इतकीही अक्कल नसल्यामुळे, पळीभर पंचामृत माझ्या डोक्यावर ओतले. दूध, दही, तूप, मध, साखर. सगळे दोन्ही तोंडांतून आत गेले. दर वर्षी जायचे. आधीच खाऱ्या हवेने खाल्लेल्या माझ्या डाव्या स्प्रिंगला त्याने पार कुजवले होते.

गणपत हात जोडून दारात उभा राहिला. "शेठ, आज सांजचं इमान हाय. पासपोर्ट द्या."

"अरे, आज खंडेनवमी. हत्यार पुजलंय. आज कुलूप काढता येत नाही, तुला ठाऊक नाही का?"

"शेठ, रखमा आजारी हाय. म्हनते, घोव आल्याबिगर पोटाला सुरी लावू देनार नाय."

"उद्या दसरा. उत्तरपूजा झाली की बघू. देवधर्माच्या मध्ये असं येऊ नये, गणपत."

गाडीचीही पूजा झाली होती, बरे का. पण श्रीखंडाला चक्का कमी पडला तेव्हा त्याच पुजलेल्या गाडीतून त्याने गणपतला बाजारात पिटाळले. देवधर्म फक्त माझ्यापुरता होता. दत्तप्रसाद पोटभर श्रीखंडपुरी जेवला आणि किल्ल्या खिशात घालून मागच्या खोलीत घोरू लागला. दुपारी मनामाचा बाजार बंद असतो, गल्लीत कुत्रेही फिरत नाही.

त्याची बायको नीला पुढच्या खोलीत आली. ती कमी बोलणारी बाई होती आणि नवऱ्याशी तर त्याहून कमी. जिन्यात गणपत गुडघ्यांत डोके घालून बसला होता. ती त्याला म्हणाली, "गणपतराव, फार उकडतंय. मी बाहेरच्या दाराला कडी लावत नाही, वारा येऊ दे. आणि रखमाला माझा निरोप सांगा, म्हणावं हट्ट करू नको, ऑपरेशन करून घे." एवढे बोलून ती आत गेली आणि मधले दार तिने ओढून घेतले.

गणपतने गाडीतून पाना आणला. त्याने तो माझ्या कडीत अडकवला, तोच मागून अलीमियाँने त्याचा हात धरला.

"तोड मत. ताला टूटा तो सेठ पुलिस को फोन करेगा, एअरपोर्ट पे पकड़ेंगे तेरे को. चोर बनेगा तू."

"मग काय करू मी? तिकडं ती मरंल!"

"हट."

अलीमियाँने उस्मानची किल्ली माझ्या उजव्या तोंडात घातली. ती बाजू सुटली. मग त्याने दोन्ही हातांनी मला धरले आणि डावीकडे ओढू लागला. त्या बाजूला किल्ली नव्हती. त्याच्या कपाळावरचा घाम माझ्यावर पडत होता आणि तो तिबेटीत पुटपुटत होता, "सोड. सोड रे. फारीच्या नावाने सोड."

मित्रांनो, आता माझी अडचण समजून घ्या. दोन किल्ल्यांशिवाय उघडायचे नाही, हा माझा धर्म. फारी अंधारात बसली ती याच धर्मापायी. गाव गेले, बाजार गेला, उस्मान गेला, तेवढाच एक नेम माझ्यापाशी उरला होता. पण मी विचार केला, हा नेम आता कोण पाळतो आहे? फारीसाठी पाळला तेव्हा तो इमान होता. आता तो चोराच्या खिशाची राखण करत होता. आणि समोर एक माणूस बायकोसाठी रडत होता. माझ्या डाव्या स्प्रिंगमध्ये थोडा जीव शिल्लक होता. तो मी सोडून दिला. आत टक्क असा आवाज झाला आणि मी उघडलो. इतका आनंद मला रॉकेलच्या वर्षीही झाला नव्हता.

गणपतने आपला पासपोर्ट घेतला. अलीमियाँने बाकीचे सगळे एका पिशवीत भरले. "सबको बाँट दे जाते जाते," तो म्हणाला. मग त्याने मला पुन्हा कपाटावर चढवले, उजवी बाजू घट्ट बसवली, सांडलेले कुंकू फडक्याने टिपले आणि झेंडूचे फूल होते तसे अडकवून ठेवले. गणपत गाडीने कामगारांच्या खोल्यांवर गेला, ज्याचा त्याला पासपोर्ट दिला, गाडी परत गल्लीत आणून लावली, आणि संध्याकाळचे विमान त्याला मिळाले.

दुसऱ्या दिवशी गणपत कामाला आला नाही तेव्हा दत्तप्रसादला वाटले, रुसला असेल. पासपोर्टशिवाय जातो कुठे? त्याने सावकाश माझी उत्तरपूजा केली. दोन दिवसांनी कफील चिडून आला. काही माणसे काम सोडून दुसरीकडे गेली होती, काही थेट मायदेशी. "पासपोर्ट किधर?" त्याने विचारले.

"कपाट में, बाबा. सब सेफ." दत्तप्रसादने ऐटीत दोन्ही किल्ल्या लावल्या. मी निमूटपणे उघडलो. कपाट रिकामे होते.

त्याचा चेहरा मी जवळून पाहिला, मित्रांनो. माझे नाक त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होते. वीस वर्षांत असे सुख मी पाहिले नव्हते.

"चोरी हुआ, बाबा! चोरी!"

कफीलने मला हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. ओरखडा नव्हता. ज्या कामगारांना त्याने बोलावून विचारले त्यांनी शपथेवर सांगितले, सेठनेच दसऱ्याची भेट म्हणून पासपोर्ट वाटले. मजुरांना मागून खोल्यांत हसताना लोकांनी ऐकले म्हणतात. कफील दत्तप्रसादला म्हणाला, "ताला साबूत. दो चाबी, दोनो तेरे पास. दुनिया में दूसरा कोई खोल नहीं सकता, तू ही बोला मेरे को, हर रोज बोला. लोगों से कुछ खाया तूने, और मेरा आदमी छोड़ दिया. खलास." दत्तप्रसाद ओरडत होता की आपण कपाट उघडलेच नाही, आणि जितका ओरडत होता तितका खोटा ठरत होता. गल्लीतले दुकानदार जिन्यात जमा झाले होते. त्या सगळ्यांदेखत तो चोर ठरला, आणि मजा अशी की त्याने या वेळी खरोखरच काही चोरले नव्हते. महिन्याभरात ऑफिसला टाळे लागले, ते दुसऱ्या कुठल्यातरी स्वस्त कुलपाचे. निघायच्या दिवशी नीलाने मला पदराने पुसले आणि खाली जाऊन अलीमियाँच्या हातात ठेवले. "तुमचं आहे ना हे?" एवढेच ती म्हणाली.

रखमा वाचली. पुढच्या वर्षी त्यांच्या गावचा एक माणूस कामाला आला, तो सांगत होता की ती आता नवऱ्याला परदेशाचे नावसुद्धा काढू देत नाही.

इथे माझी गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण चौऱ्याऐंशी साली अलीमियाँ रजेवर कालिंपोंगला गेला. मला घेऊन गेला नाही, पण झाली हकीकत त्याने दहाव्या मैलावर, लोकर काततात त्या फारीच्या म्हाताऱ्यांना सांगितली. बापाचे नाव त्याला धुऊन काढायचे होते. परत आल्यावर तो खानावळीच्या मागच्या ओट्यावर बसला, मला मांडीवर घेतले आणि माझ्या वेलबुट्टीवर अंगठा फिरवत राहिला.

"पेमा भेटली," तो शेवटी म्हणाला. "दात पडले तिचे. मी सगळं सांगितलं. बिजागऱ्या, दत्तप्रसाद, सगळं. तर म्हणाली, आम्हाला माहीत होतं."

त्याने तेलाची बाटली जवळ ओढली.

"म्हणाली, त्याच आठवड्यात कळलं होतं. हमालांपैकी एकाने दारूत सांगून टाकलं. पण दत्तप्रसाद तोवर पळून गेला होता. आमचं सगळं गेलं होतं, गाव गेलं होतं. शिव्या द्यायला कोणीतरी समोर हवं होतं. तुझा बाप समोर होता."

अलीमियाँ रडला नाही. त्याने फडके घेतले, माझ्या दोन्ही तोंडांत तेल सोडले, अगदी उस्मान सोडायचा तसे, आणि रात्रीच्या स्वयंपाकाचे कांदे चिरायला उठून गेला. मी अजून त्या ओट्यावरच्या फळीवर आहे. डावी बाजू कायमची निकामी झाली आहे. त्या बोळक्या म्हाताऱ्यांवर सूड घ्यायचा कसा, हे मला अजून सुचलेले नाही, आणि खरे सांगायचे तर पेमाचे थरथरणारे हात आठवले की सुचावे असेही वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी सांगणार नाही. तेल घातले तर बरे, नाही घातले तरी चालेल. तुमच्यावर अन्याय झाला तर रागवा, जरूर रागवा. पण एखादा माणूस नुसता समोर सापडला म्हणून त्याच्यावर तो राग काढू नका. माझ्यासारखे थांबा, वीस वर्षे लागली तरी थांबा, आणि ज्याच्यावर काढायचा त्याच्यावरच काढा.